जुनं वेब डिझाइन सॉफ्टवेअर: अपग्रेड करावं, तसंच ठेवावं की सोडून द्यावं?

ड्रीमवीव्हर सीएस३ हे अडोबीचं वेब पानं बनवण्याचं जुनं सॉफ्टवेअर मी नऊ वर्षं वापरलं. ते बदलायचं की नाही हे ठरवायला मला जवळजवळ एक वर्ष लागलं. त्यातले बरेच महिने मी नव्या आवृत्तीत काय काय आलंय याच्या याद्या वाचण्यात घालवले. माझ्या साइटना त्यातलं नेमकं काय लागणार होतं, हे तपासायचं मात्र राहूनच गेलं. पुढे इतर काही जणांच्या जुन्या साइट हलवायला मदत केली, तेव्हा कुठे कामाचा क्रम लक्षात आला. तोच इथे सविस्तर देतोय.

तुम्ही स्वतः जुनं सॉफ्टवेअर वापरत असाल, किंवा दुसऱ्या कोणी बनवलेली साइट आता तुमच्या गळ्यात आली असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. कोड लिहिता येत नसला तरी पहिल्या सात पायऱ्या तुम्हाला करता येतील. त्या पूर्ण होईपर्यंत पैसे खर्च करू नका, एवढी एकच विनंती.

१. त्रास नेमका कुठे आहे ते शोधा

कागद घ्या आणि तुम्हाला सध्या काय अडतंय ते एकाखाली एक लिहा. मग प्रत्येक तक्रारीपुढे तीनपैकी एक शब्द लिहा: प्रोग्राम, फाइल किंवा सर्व्हर. प्रोग्राम म्हणजे तुमच्या संगणकावरचं सॉफ्टवेअर, फाइल म्हणजे साइटची पानं आणि सर्व्हर म्हणजे ती पानं जिथे ठेवली आहेत ती जागा.

काही नेहमीच्या तक्रारी घेऊ. मोबाइलवर अक्षरं मुंगीएवढी दिसतात, हा फाइलचा दोष. पानाच्या डोक्यात व्ह्यूपोर्टची ओळ (पान मोबाइलच्या पडद्याच्या रुंदीत बसवायला सांगणारी) नसते आणि सगळी मांडणी ठरावीक रुंदीच्या टेबलात कोंबलेली असते. ब्राउझर पत्त्याशेजारी ‘सुरक्षित नाही’ असं दाखवतो, हा सर्व्हरचा प्रश्न आहे. क्रोमने जुलै २०१८ पासून एचटीटीपीवरच्या, म्हणजे सांकेतिक न केलेल्या जोडणीच्या, सगळ्याच साइटना तसा शिक्का मारायला सुरुवात केली. त्यावर उपाय म्हणजे होस्टिंगवर (सर्व्हरची जागा देणाऱ्या सेवेवर) जोडणी सुरक्षित करणारं एसएसएल प्रमाणपत्र बसवणं. संपर्काचा फॉर्म अचानक चालेनासा झाला तर बहुधा सर्व्हरवरची पीएचपीची (सर्व्हरवर चालणाऱ्या कोडच्या भाषेची) आवृत्ती बदललेली असते. नव्या संगणकावर सॉफ्टवेअर बसतच नाही, हा मात्र खरा प्रोग्रामचा त्रास.

नवीन आवृत्ती जुनं पान उघडते तेव्हा ते आहे तसंच उघडते, आपोआप सुधारत नाही. २००५ साली टेबलात बांधलेलं पान आजच्या सॉफ्टवेअरमधून पुन्हा अपलोड केलंत तरी ते २००५ चंच राहणार. मोबाइलवर साइट नीट दिसावी म्हणून नवं सॉफ्टवेअर घेणारे आणि मग हिरमुसणारे मी इतके पाहिलेत की हा मुद्दा सगळ्यात आधी घेतला. तुमच्या कागदावर ‘फाइल’ आणि ‘सर्व्हर’ हेच शब्द जास्त असतील, तर अपग्रेडने तुमचं काम फारसं पुढे सरकणार नाही.

२. हाताशी काय काय हवं

ही माहिती एका वहीत किंवा एका फाइलमध्ये जमवा:

- सॉफ्टवेअरचं नाव आणि पूर्ण आवृत्ती
- सीरियल नंबर, खरेदीची पावती, मूळ सीडी किंवा इन्स्टॉलर फाइल
- लायसन्स ज्या ईमेलवर नोंदवलं तो ईमेल (तो अजून उघडतो का, हे आत्ताच पाहा)
- संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती
- होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलचं लॉगिन आणि एफटीपीचं (सर्व्हरवर फाइली चढवण्याच्या पद्धतीचं) लॉगिन
- डोमेन (साइटच्या पत्त्याचं नाव) कोणाच्या नावावर आहे आणि कधी संपतं
- सर्व्हरवर चालू असलेली पीएचपीची आवृत्ती
- साइटवर डेटाबेस असेल तर त्याचं नाव आणि पासवर्ड

एफटीपीचा पासवर्ड बहुतेकांना आठवत नाही, कारण तो कित्येक वर्षांपूर्वी सॉफ्टवेअरमध्ये एकदा भरलेला असतो आणि नंतर कधी लागलेलाच नसतो. संगणक बदलला की तो गेला. म्हणून कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन तो आजच नवा करून घ्या.

ड्रीमवीव्हर असेल तर ‘मॅनेज साइट्स’मधून साइटची सेटिंग एक्सपोर्ट करून ठेवा. एसटीई नावाची छोटी फाइल तयार होते. त्यात लॉगिनची माहितीही येऊ शकते, तेव्हा ती फाइल कोणालाही ईमेलने पाठवू नका.

३. दोन वेगवेगळे बॅकअप

एक बॅकअप तुमच्या संगणकावरच्या साइटच्या फोल्डरचा. दुसरा सर्व्हरवरून सगळं काही नव्या, रिकाम्या फोल्डरमध्ये उतरवून घेतलेला. हे दोन्ही सारखेच असतील असं गृहीत धरू नका. कोणीतरी कधीतरी घाईत सर्व्हरवरच एखादी दुरुस्ती केलेली असते आणि ती तुमच्या संगणकावर आलेलीच नसते. मी हलवलेल्या एका साइटवर सर्व्हरवरची चौदा पानं संगणकावरच्या पानांपेक्षा नवी निघाली. बॅकअप न घेता जुनं फोल्डर अपलोड केलं असतं तर ती चौदाही पानं पुसली गेली असती.

उलट बाजूही बघा. ‘टेम्प्लेट्स’ आणि ‘लायब्ररी’ ही फोल्डरं पुष्कळदा फक्त संगणकावरच असतात, सर्व्हरवर नसतात. फोटोशॉप किंवा फायरवर्क्सच्या मूळ फाइलींचंही तसंच. डेटाबेस असेल तर तो फोल्डर कॉपी करून येत नाही. कंट्रोल पॅनेलमधून वेगळा एक्सपोर्ट करावा लागतो.

४. तुमचं सॉफ्टवेअर कोणत्या जातीचं आहे?

ड्रीमवीव्हर, फ्रंटपेज, एक्स्प्रेशन वेब यांच्या जातीत तुमचं मूळ काम म्हणजेच एचटीएमएलच्या (पानाची रचना लिहिण्याच्या भाषेतल्या) फाइली. त्या साध्या मजकुराच्या फाइली असल्यामुळे कुठल्याही एडिटरमध्ये उघडतात. सॉफ्टवेअर उद्या बंद पडलं तरी साइट तुमच्या हातात राहते.

दुसऱ्या जातीत मूळ काम एका बंदिस्त फाइलमध्ये असतं आणि एचटीएमएल हे त्यातून निघालेलं उत्पादन असतं. अडोबी म्यूज आणि ॲपलचं आयवेब ही याची ठळक उदाहरणं. म्यूजचा तांत्रिक आधार २६ मार्च २०२० ला संपला. आयवेबने बनवलेल्या अनेक साइट ॲपलच्या मोबाइलमी सेवेवर होत्या आणि ती सेवा ३० जून २०१२ ला बंद झाली. म्यूजची फाइल दुसरं कुठलंही सॉफ्टवेअर उघडत नाही. त्यातून निघालेलं एचटीएमएल हाताने सुधारण्याजोगं नसतं, कारण एकेका परिच्छेदाभोवती डब्यांचे थर असतात.

तुम्ही या दुसऱ्या जातीत असाल तर अपग्रेड नावाचा पर्यायच उरत नाही. साइट नव्याने बांधावी लागणार. जुना प्रोग्राम चालू आहे तोवर मजकूर आणि मूळ आकाराची चित्रं बाहेर काढून ठेवा, आणि पाचवी व सातवी पायरी सोडून पुढे चला.

५. संगणक आणि लायसन्स

मॅकवर दोन मोठे खड्डे आहेत. २०११ च्या लायन आवृत्तीने पॉवरपीसी प्रोसेसरसाठी लिहिलेले प्रोग्राम बंद केले. ड्रीमवीव्हर ८ आणि त्याआधीचं सगळं त्यात गेलं. २०१९ च्या कॅटालिनाने ३२ बिटचे प्रोग्राम बंद केले, त्यात सीएस६ पर्यंतची ड्रीमवीव्हरं गेली. म्हणजे जुनं सॉफ्टवेअर चालत असलेल्या मॅकवर ‘अपडेट उपलब्ध’ या सूचनेला होकार देण्याआधी दहा वेळा विचार करा.

विंडोज जुन्या प्रोग्रामांना जास्त सांभाळून घेतं. पण काही फार जुन्या प्रोग्रामांचा इन्स्टॉलर १६ बिटचा असतो आणि ६४ बिटच्या विंडोजवर तो सुरूच होत नाही.

लायसन्सची अडचण याहून अवघड आहे. सीडीवरचं सॉफ्टवेअर कायमचं आपलं, असं आपण धरून चालतो, पण बसवताना ते कंपनीच्या सर्व्हरला विचारून चालू होणारं असेल तर तो सर्व्हर जिवंत असावा लागतो. अडोबीने सीएस२ चे असे सर्व्हर बंद केले आणि २०१३ मध्ये जुन्या ग्राहकांसाठी वेगळ्या फाइली द्याव्या लागल्या. म्हणून नियम असा: चालू असलेल्या संगणकावरचं जुनं सॉफ्टवेअर काढून टाकू नका, ती हार्ड डिस्क फॉरमॅट करू नका. पुन्हा बसवता येईल याची खात्री झाल्याशिवाय तर नाहीच.

आणखी एक सापळा म्हणजे वापरलेल्या सॉफ्टवेअरचे डबे. स्वस्तात मिळाला म्हणून घेतलेला डबा पुष्कळदा ‘अपग्रेड’ लायसन्सचा निघतो आणि बसवताना त्याआधीच्या आवृत्तीचा सीरियल नंबर मागतो. लायसन्स आधीच्या मालकाकडून तुमच्या नावावर झालेलं नसेल तर पुढे दादही मागता येत नाही.

६. सर्व्हरशी जोडणी: इथे बहुतेकांची गाडी अडते

जुनं सॉफ्टवेअर सोडावंसं वाटण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे एके दिवशी अपलोड बंद पडणं. संगणकावर काहीच बदललेलं नसतं, पासवर्ड बरोबर असतो, तरी जोडणी होत नाही.

साधं एफटीपी पासवर्ड उघड्या मजकुरात पाठवतं, त्यामुळे अनेक होस्टिंगवाल्यांनी ते बंद केलं आहे. त्याऐवजी एसएफटीपी किंवा एफटीपीएस हे सुरक्षित पर्याय लागतात. एसएफटीपी ड्रीमवीव्हरमध्ये एमएक्स २००४ पासून आहे, पण जुन्या आवृत्त्यांना आजच्या सर्व्हरची सांकेतिक पद्धत कळत नाही. ओपनएसएसएच हे बहुसंख्य सर्व्हरवर असलेलं सॉफ्टवेअर. त्याच्या सप्टेंबर २०२१ मधल्या ८.८ आवृत्तीने एसएचए-१ या जुन्या सांकेतिक पद्धतीवर आधारलेल्या ओळखीच्या सह्या नाकारायला सुरुवात केली. एफटीपीएसची जोडणी ज्यावर सुरक्षित होते त्या टीएलएसच्या १.० आणि १.१ या आवृत्त्याही मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे कालबाह्य ठरल्या. होस्टिंगवाल्याने सर्व्हर अद्ययावत केला की तुमचा जुना प्रोग्राम बाहेर उभा राहतो तो यामुळे.

यावरचा उपाय फुकट आहे आणि तो माहीत नसल्यामुळे लोक महागडं अपग्रेड करतात. पानं जुन्या सॉफ्टवेअरमध्येच बनवा आणि अपलोड वेगळ्या प्रोग्रामने करा. फाइलझिला विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीवर चालतं. विंडोजवर विनएससीपी आहे, त्यात दोन फोल्डरांची तुलना करून फक्त बदललेल्या फाइली पाठवण्याची सोय आहे. कंट्रोल पॅनेलमधून एसएफटीपीचा पत्ता आणि पोर्ट घ्या (बहुधा २२ असतो), आणि जुन्या सॉफ्टवेअरमधलं ‘सेव्ह करताच अपलोड’ बंद करून टाका. तुमची एकमेव तक्रार हीच असेल तर तुमचं काम इथेच झालं.

७. फाइलींच्या आत काय दडलंय

बॅकअपचं फोल्डर एखाद्या साध्या एडिटरमध्ये उघडा, नोटपॅड++ किंवा व्हिज्युअल स्टुडिओ कोड चालेल. त्यातली ‘सर्व फाइलींमध्ये शोधा’ ही सोय वापरून पुढच्या गोष्टी शोधा आणि किती पानांत सापडल्या ते लिहून ठेवा.

फ्लॅश (पानावर हलती चित्रं दाखवण्याचं जुनं तंत्र): एसडब्ल्यूएफ असं शेपूट असलेल्या फाइली. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरने मजकूर चालवणंच थांबवलं. त्या जागी आज वाचकाला रिकामा चौकोन दिसतोय.

फ्रंटपेजचे ‘वेबबॉट’ आणि व्हीटीआय अक्षरांनी सुरू होणारी फोल्डरं: फ्रंटपेजची शेवटची आवृत्ती २००३ ची. त्यातले फॉर्म, भेटींचे काउंटर, शोधपेट्या सर्व्हरवरच्या खास एक्स्टेन्शनांवर चालत. ते भाग कुठल्याही नव्या सॉफ्टवेअरने परत चालू होत नाहीत, वेगळे करून घ्यावे लागतात.

स्प्राय: ड्रीमवीव्हरने दिलेले घडीचे मेनू, टॅब आणि फॉर्मच्या तपासण्या. अडोबीने २०१२ मध्ये त्यावरचं काम थांबवलं. संगणकावर ते मेनू अजून चालतात, बोटाने वापरताना मात्र त्रास देतात.

सर्व्हर बिहेविअर्स: इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. जुन्या ड्रीमवीव्हरमध्ये माउसने क्लिक करत डेटाबेसची पानं बनवता येत. त्या पीएचपी कोडमध्ये मायएसक्यूएल-कनेक्ट आणि त्याच्या कुटुंबातली जुनी फंक्शनं असतात. डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७ ने ती काढूनच टाकली, आणि पीएचपी ५.६ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं २०१८ च्या अखेरीस थांबलं. ड्रीमवीव्हरने स्वतः २०१३ मध्ये ही सोय मुख्य प्रोग्राममधून बाहेर काढली. म्हणजे सीएस३ मध्ये बनवलेली अशी साइट नव्या ड्रीमवीव्हरमध्ये उघडाल तर ज्या पॅनेलमधून ती बनवली होती ती पॅनेलंच दिसणार नाहीत. तुमच्या पानांत ही फंक्शनं असतील तर सॉफ्टवेअरचा विचार बाजूला ठेवा आणि पीएचपी जाणणाऱ्याकडून तो भाग आधी नव्याने लिहून घ्या. जुनी पीएचपी चालू ठेवणारं होस्टिंग शोधत फिरणं हा उपाय नाही, कारण डेटाबेस त्यामुळे उघड्यावर राहतो.

टेम्प्लेट, म्हणजे अनेक पानांचा सामाईक साचा: डीडब्ल्यूटी फाइली. एका टेम्प्लेटवर किती पानं उभी आहेत हे मोजा. पुढच्या निर्णयात हा आकडा फार कामाचा आहे.

८. आता निर्णय

तसंच ठेवा, जर साइट साधी असेल, वर्षातून मोजक्या वेळा बदलत असेल, अपलोड वेगळ्या प्रोग्रामने होत असेल आणि ज्या ऑपरेटिंग सिस्टिमवर सॉफ्टवेअर चालतं तिला अजून सुरक्षेचे अपडेट मिळत असतील. शेवटची अट सोडू नका. विंडोज ७ चे अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले. तसला संगणक ठेवायचाच असेल तर इंटरनेटपासून तोडून ठेवा आणि तयार फाइली पेनड्राइव्हने दुसऱ्या संगणकावर न्या.

जुनं ठेवताना एक गोष्ट ध्यानात असू द्या. जुन्या प्रोग्रामची डिझाइनची खिडकी आजचं सीएसएस (पानाचं रूप आणि मांडणी ठरवणारी भाषा) ओळखत नाही. सीएसएस ग्रिड ही त्यातली मांडणीची नवी पद्धत. ते प्रमुख ब्राउझरांमध्ये मार्च २०१७ च्या सुमारास आलं. ते वापरलेलं पान सीएस३ मध्ये विस्कटलेलं दिसेल आणि ब्राउझरमध्ये अगदी नीट. अशा वेळी ब्राउझरवर विश्वास ठेवा. खिडकीत नीट दिसावं म्हणून चांगलं पान ‘दुरुस्त’ करत बसू नका.

अपग्रेड करा, जर एकेका टेम्प्लेटवर शेकडो पानं असतील आणि तुम्हाला डोळ्यांसमोर पान बघत काम करण्याची सवय असेल. नव्या ड्रीमवीव्हरमध्ये जुनी टेम्प्लेटं चालतात आणि एकात बदल केला की सगळ्या पानांत पोहोचतो. मात्र सीएस६ नंतर, म्हणजे २०१३ पासून, ते फक्त वर्गणीवर मिळतं. वर्गणी थांबली की प्रोग्राम थांबतो, फाइली तुमच्याच राहतात. म्हणून खर्च महिन्याचा बघू नका, पाच वर्षांचा काढा. हेही जाणून घ्या की ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या ‘२०२१’ आवृत्तीनंतर त्यात आलेले अपडेट मुख्यतः छोट्या दुरुस्त्यांचे आहेत. नवनवीन सोयी येत राहतील या आशेवर ते घेऊ नका.

सोडून द्या, जर मजकूर वारंवार बदलत असेल आणि तो बदलणारी माणसं एकाहून अधिक असतील. त्यांना ब्राउझरमधूनच मजकूर बदलता येणारी वर्डप्रेससारखी व्यवस्था सोयीची, पण तिचे अपडेट नियमित करण्याची जबाबदारी कोणाला तरी द्यावी लागते. कोडची भीती नसेल तर व्हिज्युअल स्टुडिओ कोड मोफत आहे आणि माझं स्वतःचं काम आता त्यातच चालतं. मोफत एडिटरही बंद पडतात. ब्रॅकेट्सला अडोबीने दिलेला आधार १ सप्टेंबर २०२१ ला संपला, ॲटम १५ डिसेंबर २०२२ ला बंद झालं. तरी फाइली साध्या असल्यामुळे माणूस एका दुपारीत दुसरीकडे जाऊ शकतो.

साध्या एडिटरमध्ये ड्रीमवीव्हरची टेम्प्लेटं आपोआप पसरत नाहीत, त्या खुणा नुसत्या टिपणीसारख्या पडून राहतात. मेनू आणि तळपट्टी पीएचपीच्या ‘इन्क्लूड’ने एका फाइलमधून आणणं हा सोपा पर्याय. त्यासाठी पानांची नावं एचटीएमएलवरून पीएचपी झाली तर जुन्या पत्त्यांवरून नव्यावर ३०१ रीडायरेक्ट (जुना पत्ता उघडणाऱ्याला आपोआप नव्यावर नेणारी सूचना) लावा, नाहीतर लोकांनी जपून ठेवलेले दुवे तुटतील.

९. चाचणी एकाच साइटवर, तीही प्रतीवर

सगळ्यात लहान साइटची प्रत घ्या आणि नवं सॉफ्टवेअर तिच्यावर चालवून बघा. वर्गणीवाल्या प्रोग्रामांना चाचणीचे दिवस मिळतात, तेवढ्यात हे होतं. मात्र चाचणी सुरू करतानाच कार्ड मागितलं असेल तर रद्द करण्याची तारीख वहीत लिहा.

सुरू करण्याआधी कोड आपोआप नीटनेटका करणारी सेटिंग बंद करा. मी ती चालू ठेवून एकदा सगळी पानं सेव्ह केली होती. जुन्या साइटमध्ये मोठं चित्र कापून त्याचे तुकडे टेबलाच्या चौकटींत बसवलेले असत. नीटनेटकेपणाच्या नादात प्रोग्रामने चित्रांच्या आजूबाजूला मोकळ्या ओळी घातल्या, आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावरच्या चित्राला भेगा पडल्या. बॅकअप होता म्हणून निभावलं.

मग अक्षरांची सांकेतिक पद्धत तपासा. जुनी पानं बऱ्याचदा आयएसओ ८८५९-१ मध्ये असतात आणि नवे एडिटर यूटीएफ-८ धरून चालतात. उघडताच अक्षरांच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसली तर फाइल सेव्ह न करता बंद करा, योग्य पद्धत निवडून पुन्हा उघडा आणि मग यूटीएफ-८ मध्ये बदला. पानाच्या डोक्यातली घोषणाही तशीच बदलावी लागते. तशाच अवस्थेत सेव्ह केलं तर मूळ अक्षरं परत येत नाहीत.

चाचणीत एक नवं पान बनवा, एक जुनं बदला, एक टेम्प्लेट बदला, सर्व्हरवर वेगळ्या फोल्डरमध्ये अपलोड करा आणि मोबाइलवर उघडून बघा. ही पाच कामं विनासायास झाली तर पुढे जा.

१०. हलवताना

एका वेळी एकच साइट हलवा. नव्या प्रोग्रामने पहिल्यांदा ‘सिंक्रोनाइझ’ करताना (संगणक आणि सर्व्हरवरच्या फाइली सारख्या करताना) सर्व्हरवरच्या जास्तीच्या फाइली पुसण्याचा पर्याय बंद आहे ना, हे दोनदा पाहा. ती साइट दोन आठवडे नीट चालली की पुढची घ्या.

शेवटची साइट हलल्यावरही जुना संगणक किमान सहा महिने ठेवा. एखादं बॅनर बदलायचं असतं आणि त्याची मूळ फाइल फक्त तिथेच असते, असं हमखास होतं. तो संगणक देऊन टाकायची वेळ येईल तेव्हा आधी जुन्या सॉफ्टवेअरच्या मेनूतून ‘डीअॅक्टिव्हेट’ करा, त्यात साठवलेले एफटीपीचे पासवर्ड पुसा, सर्व्हरवरचे पासवर्ड बदला आणि मगच डिस्क पुसायला घ्या.